तुरटीचा खडा

"द्राक्षांचा वास येतोय," मी म्हणाले.

नर्सने पट्टीचा शेवटचा पदर सोडवला होता आणि मान खिडकीकडे वळवली होती. डॉक्टर आहेर माझ्याकडे वळले.

"कसला?"

"द्राक्षांचा. पिकून खाली पडलेल्या. आमच्या ल्याबमध्ये एक जंतू हाय, त्याच्या बश्या धुताना असाच येतो. हा हिरवा रंगपण त्याचाच."

पट्टीवर मोरपिसासारखा निळा-हिरवा डाग होता. डॉक्टरांनी ती चिमट्याने उचलली, स्वतः हुंगली आणि मग मला पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर मी त्यांच्यासाठी नुसती पेशंटची बहीण होते.

"कुठे काम करता?"

"गंगापूर रोडच्या कॉलेजात. जंतूंच्या विभागात काचसामान धुते. अकरा वर्षं झाली."

"मला रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. तुम्ही नाकाने वाचलात."

"तिचं नाक पहिल्यापासून तसंच हाय, सायेब," खाटेवरून माझा थोरला भाऊ कोंडाजी बोलला. "रानात मोहाचं फूल पडलं का हिला घरात कळायचं. माझ्या पायाचं मात्र मला कायबी कळलं नाय."

१९९८ सालचा डिसेंबर होता तो. पेठच्या पलीकडे डोंगरात आमचा पाडा. भात घरात आलं की तिथली माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला उतरतात. त्या वर्षी छाटलेल्या काडीचं तिरकं टोक कोंडाजीच्या चपलेतून डाव्या तळव्यात गेलं. त्याने हळद दाबली आणि काम चालू ठेवलं. अंगात साखर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून पाय दुखत का नाही याचंही त्याला नवल वाटलं नाही. मी त्याला नाशिकला आणलं तेव्हा दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्याला लिंबाएवढं भोक होतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, पण कोंडाजी म्हणाला, "हितंच बोला. पाय माझा हाय."

मग ते तिथेच बोलले. "तीन प्रकारची इंजेक्शनं झाली. हा जंतू कशालाच दाद देत नाही. दोन बोटं तर जाणारच. पण असंच चाललं तर पोटरीपासून पाय काढावा लागेल. नाहीतर विष अंगात पसरेल."

कोंडाजीने पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "रावण एका पायावर नाचत नाय, सायेब."

डॉक्टर सटाण्याकडचे. त्यांना ते कळलं नाही. मी सांगितलं, की आमच्याकडे उन्हाळ्यात रात्रभर बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात. रावणाचं सोंग आमच्या घराकडे आहे. दहा तोंडांचा लाकडी मुखवटा, दोन हातांना तोलत नाही एवढा जड. तो बांधून नाचायचं. आमच्या आज्याने नाचवला, बापाने नाचवला, तेवीस वर्षं कोंडाजीने. मुखवटा दुसऱ्याला देता येतो, पण देणारा जिवंतपणी बाजूला बसून बघतोय, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो. ताप वाढला तर तेवढाही नाही."

दुसऱ्या दिवशी मी गोगटे मॅडमना विचारलं. इंदिरा गोगटे आमच्या विभागाच्या प्रमुख. फार कमी बोलायच्या. बाटलीवर एक डाग दिसला तर बाटली नुसती माझ्यासमोर आणून ठेवायच्या. अकरा वर्षांत अशा बाटल्या पाचच आल्या.

"मॅडम, त्या हिरव्या जंतूला मारणारं कायच नाय का?"

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "आहे. जंतूंनासुद्धा रोग होतो, कुसाबाई."

"त्यांना कशाचा रोग?"

"त्यांच्याहून शंभरपट बारीक विषाणू असतात. माणसाला काही करत नाहीत. जंतूच्या आत शिरतात, तिथेच वाढतात आणि त्याला फोडून बाहेर येतात. मग पुढचा जंतू. रशियाकडे जखमांवर वापरतात. मी शिकत असताना काम केलं होतं त्यावर, पण बशीतल्या जंतूंवर. माणसावर नाही."

"ते मिळतात कुठं?"

"जिथे जंतू, तिथे त्याचे वैरी. घाणीत. गटारात."

मॅडम त्या दिवशी स्वतः रिक्षा करून, मला बरोबर घेऊन आहेर डॉक्टरांकडे गेल्या. आत दोघांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला.

"वाचता येतं ना?"

येत होतं. पाच वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात मी त्रेचाळिसाव्या वर्षी पाटी धरली होती. पण एवढा मोठा कागद मी कुणासाठी मोठ्याने वाचला नव्हता. मी कोंडाजीच्या उशाशी बसले आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. हे औषध नेहमीचं नाही. आम्ही ते आधी कुणाला दिलेलं नाही. गुण येईलच असं नाही. त्रास झाल्यास लगेच थांबवू. नको वाटल्यास केव्हाही नाही म्हणता येईल.

"कशापासून बनवत्यात?" कोंडाजीने विचारलं.

"गटारीच्या पाण्यापासून."

"आन् मी येडा रोज पाय धुऊन झोपायचो." तो हसला. मग त्याने अंगठा पुढे केला. "लाव गं शाई. नायतरी तो पाय आता त्या जंतूंचाच हाय."

कामाला लागली आभा. एम.एस्सी.ला असलेली, सडपातळ, भराभर चालणारी मुलगी. ती रोज दुपारी माझ्याकडून बाटल्या घेऊन जायची आणि कधी दवाखान्यामागच्या नाल्यातून, कधी नासर्डी नदीतून पाणी भरून आणायची. पाणी रात्रभर ठेवायचं, म्हणजे माती-कचरा खाली बसतो. सकाळी वरचं पाणी घ्यायचं. कोंडाजीच्या पायातले जंतू बशीत पसरायचे, त्यावर त्या पाण्याचे थेंब सोडायचे आणि एक दिवस वाट पाहायची. वैरी असतील तर थेंबाच्या जागी जंतू मरून स्वच्छ भोकं पडतील.

पहिली बशी आली. जंतूंची साय सगळीकडे सारखी. एकही भोक नाही.

दुसरी आली. तशीच.

"विचित्र आहे," मॅडम म्हणाल्या. "नाल्याच्या पाण्यात काहीच नाही, असं होत नाही."

"पाणी तर छान बसतंय, मॅडम," आभा म्हणाली. "सकाळी इतकं नितळ असतं, पिऊन टाकावंसं वाटतं."

मी मोरीपाशी उभी होते. ते ऐकलं आणि माझे हात पाण्यातच थांबले.

त्याचं असं झालं होतं. पहिल्या दिवशी आभाने ते पाणी आणून ठेवलं तेव्हा मी पाहिलं. काळं, वर फेस, आत कसले कसले तुकडे. या पाण्याचं माझ्या भावाच्या पायाला औषध होणार होतं. मला राहवलं नाही. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात झऱ्याचं पाणी गढूळ होतं. तेव्हा आई हंड्यात तुरटीचा खडा धरून सात वेळा फिरवायची. सकाळी हंड्यात आपलं तोंड दिसायचं. मीही सगळे गेल्यावर घरून आणलेला खडा त्या बाटल्यांत फिरवला. सात वेळा. भावाचं नाव घेऊन. तीन दिवस रोज.

पाणी नितळ झालं होतं ते माझ्यामुळे. त्यात काहीच उरलं नव्हतं, तेही माझ्यामुळेच असणार. एवढं कळायला शाळा लागत नाही.

सोमवारची दुपार होती. गुरुवारला तीन दिवस. सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता, ताप एक अंशाने चढला, आणखी चढला तर गुरुवारचीही वाट बघणार नाही म्हणून. मी तशीच ओल्या हाताने मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मी त्या पाण्यात तुरटी फिरवली."

त्यांनी वर पाहिलं.

"तिन्ही दिवस. घाण व्हतं म्हून. कुणाला विचारलं नाय." मी ओले हात पदराला पुसले. "मला कामावरून काढा. पण माझ्या भावाचं काय करायचं ते सांगा आधी."

मॅडम उठल्या. मला वाटलं, त्या ओरडतील. एवढ्या वर्षांत त्यांना ओरडताना पाहिलं नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटली. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुरटी घातली की काय होतं, कुसाबाई?"

"घाण खाली बसती."

"आणि घाणीबरोबर आणखी काय काय खाली बसत असेल?"

मी मागे मोरीच्या दिशेने पाहिलं.

"अहो, गाळ कुठाय?"

"मोरीत वतला. बाटल्या घासून ठेवल्यात."

"तिन्ही दिवसांचा?"

मी आठवू लागले. दोन दिवसांच्या बाटल्या मी घासल्या होत्या, पालथ्या करून वाळवल्या होत्या. तिसऱ्या दिवसाची एक बाटली मात्र तशीच मोरीखाली होती. दुसरी बशी कोरी निघाली, हे त्या सकाळीच कळलं होतं, आणि माझ्याने हात लावला गेला नव्हता. अकरा वर्षांत दुपारपर्यंत न धुतलेली अशी माझी ती एकच बाटली असेल.

मी ती आणली. तळाशी दोन बोटं जाड, करडा, दह्यासारखा गाळ बसला होता.

मॅडमनी ती उजेडात धरली. "आभा, वरचं सगळं ओतून दे. आपल्याला हे पाहिजे."

"तुरटीने मेले नसतील?" आभाने विचारलं.

"अडकलेत. मेले असं कोण म्हणतं? दोन लिटरमधले सगळे एका वाटीभर गाळात आणून ठेवलेत बाईंनी."

त्यांनी गाळात कसलंसं खारं पाणी घालून तो हलवत ठेवला, म्हणजे तुरटीची पकड सुटते. मग अगदी बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जंतू जात नाहीत, पण त्यांचे वैरी जातात. खाली उतरलं ते पाणी चहाच्या फिकट रंगाचं होतं. त्याचे थेंब बशीवर सोडले. मी त्या दिवशी घरी जाताना मोरी तीनदा धुतली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

मंगळवारी सकाळी मी वेळेच्या तासभर आधी पोचले. किल्ली माझ्याकडेच असायची, पण ऊबेच्या कपाटाला हात लावायची मला परवानगी नव्हती. मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. मॅडम आल्या. चप्पलही न बदलता त्यांनी कपाट उघडलं, बशी काढली आणि खिडकीकडे धरली. बशी माझ्या हातात दिली.

तांदळाच्या धिरड्याला तव्यावर जाळी पडते, तशी जाळी पडली होती. जिथे थेंब, तिथे भोकंच भोकं. काही ठिकाणी तर साय उरलीच नव्हती, पलीकडचं झाड स्वच्छ दिसत होतं.

आभा मागून आली आणि माझ्या खांद्यावरून पाहून म्हणाली, "बापरे. नुसती चाळण झालीय."

मॅडम म्हणाल्या, "सात वेळा फिरवला होतात ना खडा? लिहून घे, आभा. सात वेळा."

"मॅडम, ते आईचं आपलं—"

"लिहू दे. आपल्याला कुठे माहितीय सहा वेळांनी चालतं का?"

त्या भोकांतले वैरी पुन्हा वाढवायचे, पुन्हा गाळायचे, स्वच्छ करायचे, त्यात दुसरा कोणताही जंतू नाही ना हे तपासायचं, यात बुधवार आणि गुरुवार गेले. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी काळी पडलेली दोन बोटं काढली. बाकी पायाला सुरी लावली नाही. ताप होता तेवढाच होता. "शनिवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे मी तुमचंही ऐकणार नाही आणि गटाराचंही."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पहिली पट्टी लावली. मॅडम स्वतः बाटली घेऊन आल्या होत्या. बोटभर बाटली, आत पाण्यासारखं पाणी. डॉक्टरांनी गॉज त्यात भिजवून जखमेत भरला.

"कसं वाटतंय?" त्यांनी कोंडाजीला विचारलं.

"थंड. आमच्या झऱ्यासारखं." मग माझ्याकडे बघून, "हे तू निवळलंस म्हनं?"

"निवळलं आन् घोटाळा केला."

"आईपण कायतरी घोटाळा करायचीच. पन पानी चांगलं असायचं."

दिवसातून दोनदा पट्टी बदलायची. मी सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर जायचे. नर्सने पट्टी सोडवली की आधी मी नाक जवळ न्यायचे. शनिवारी ताप चढला नाही, म्हणून डॉक्टर थांबले. रविवारी उतरला. सोमवारी पट्टीवरचा हिरवा डाग नखाएवढा राहिला. मंगळवारी मी वाकले, श्वास घेतला आणि पुन्हा घेतला.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"कापसाचा वास येतोय."

"आणि?"

"आन् माणसाचा."

त्यांनी तपासणीला नमुना पाठवला, तो कागद नंतर आला. पण नर्सला त्यांनी तेव्हाच सांगितलं, "सुरीची तयारी रद्द."

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. दोन दिवसांनी तो वास परत आला. अगदी पुसट, शेजारच्या घरात कुणी द्राक्षं खात असावं इतका. डॉक्टरांना आला नाही, नर्सला आला नाही. मी तशीच कॉलेजात गेले आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या नाकावर विश्वास ठेवला. काही जंतू शहाणे झाले असणार, त्या म्हणाल्या, या वैऱ्याला दार उघडायचं नाही हे शिकले असणार. मग त्याच गाळातून वेगळ्या जातीचा दुसरा वैरी काढला. तो गाळ आता फ्रीजमध्ये होता आणि त्यावर कुणी हात लावू नये अशी चिठ्ठी होती. दोघे मिळून दिल्यावर वास गेला तो गेलाच.

जखम तळातून लाल भरत आली. मकरसंक्रांतीला कोंडाजी खाटेच्या कडेला पाय सोडून बसला. फेब्रुवारीत कुबडी घेऊन उभा राहिला. एक दिवस मी गेले तर खाट रिकामी. मी तशीच बाहेर धावले. तो व्हरांड्यात होता. कुबडी भिंतीला टेकवून, दोन्ही हात वर धरून, डोक्यावर काहीतरी जड आहे असा तोल सांभाळत एकेक पाऊल टाकत होता. बाकावर बसलेले पेशंट बघत होते.

"काय चाललंय, दादा?"

"दोन बोटं कमी हायेत. तोल कुठं जातो ते बघून ठेवतो."

डॉक्टर आहेर दारात उभे होते. त्यांनी मला हाताने गप्प राहायला सांगितलं.

मार्चमध्ये त्याला पेठच्या एसटीत बसवून दिलं. आमच्या प्रयोगशाळेत तोवर एक नवी सवय लागली होती. नाल्याचं पाणी आलं की त्यात तुरटी घालायची आणि वरचं फेकून तळाचं घ्यायचं. फळीवर औषधांच्या बाटल्यांची रांग आहे, सगळ्यांवर इंग्रजी नावं. मॅडमनी एक रिकामी बरणी माझ्यासमोर आणून ठेवली. मी घाबरून डाग शोधू लागले.

"डाग नाही," त्या म्हणाल्या. "यात तुरटी भरा. आणि नाव तुम्ही लिहा."

मी लिहिलं. 'तुरटी'. अक्षर जरा तिरकं आलं. ते पुन्हा लिहू का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या.

अक्षय्य तृतीयेनंतरची गोष्ट. भर दुपार. मी नुकतीच प्रयोगशाळेची लादी पुसून काढली होती. बाहेर नळ वाजला. आमच्याकडे कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाय धुतल्याशिवाय जात नाहीत. मी ओळखलं.

कोंडाजी दारात उभा. हातात पळसाच्या पानांचे दोन द्रोण, करवंदांनी भरलेले. "एक मॅडमला, एक सायेबाला. येऊ का आत?"

"ये."

तो आत आला. मॅडम आणि आभा टेबलापाशी होत्या. त्याने द्रोण ठेवला आणि हात जोडले.

"परवा बोहाडा झाला," तो म्हणाला. "उन्हं वर आली तरी लोकं उठंनात. म्हनले, कोंडाजी, बस आता. मी म्हनलं, पाच महिने बसलोच व्हतो की."

"पाय दुखला?" मॅडमनी विचारलं.

"दुखला ना." तो हसला. "चांगला दुखला. आधी दुखतच नव्हता, ते वाईट व्हतं."

मॅडमनी एक करवंद तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं, आंबट होतं. कोंडाजीला आणखी हसू आलं. पाण्याचा घोट घेऊन तो निघाला, डॉक्टरांकडे जाऊन पेठची एसटी गाठायची होती. दारापाशी थांबून त्याने मागे पाहिलं. "अगं, पुसलेलं व्हतंस तू. घाण केली मी."

"जा तू," मी म्हणाले.

दारापासून टेबलापर्यंत ओली पावलं उमटली होती. उजवं पाच बोटांचं, डावं तीन बोटांचं. दोन्ही सारखीच ठळक, सारख्याच अंतरावर.

आभाने कोपऱ्यातलं फडकं उचललं. "पुसू का, कुसाबाई?"

"राहू दे," मी म्हणाले. "आपली आपण वाळतील."

मी मोरीपाशी गेले नाही. स्टूल ओढून तिथेच बसले. खिडकीतून ऊन येत होतं. आधी बोटं गेली, मग तळव्याची कड. टाचा बराच वेळ राहिल्या.